धर्मविद्यालयातील मार्टिन ल्यूथर किंग

पाळकाचा मुलगा पुढे पाळकच होणार, असे अमेरिकेच्या दक्षिण भागातील कृष्णवर्णीय समाजात बहुधा गृहीत धरले जाई. हरदासाचा मुलगा आज ना उद्या कीर्तनाला उभा राहणार, असे आपल्याकडे गाव धरून चाले, तसेच. मार्टिन ल्यूथर किंग यांचे वडील अटलांटा शहरातील एबेनेझर बाप्टिस्ट चर्चचे पाळक होते, आणि त्यांच्या आधी ती जबाबदारी आईच्या वडिलांनी वाहिली होती. आई त्याच चर्चमध्ये ऑर्गन वाजवीत असे. अशा घरातला मुलगा सप्टेंबर १९४८ मध्ये, वयाच्या १९ व्या वर्षी, पेनसिल्व्हेनिया राज्यातील चेस्टर शहरानजीकच्या क्रोझर धर्मविद्यालयात दाखल झाला, यात वरवर पाहता नवल असे काहीच नव्हते.

नवल होते ते तेथील अभ्यासक्रमात. ज्या ग्रंथावर किंग यांच्या घरातील सकाळ-संध्याकाळची प्रार्थना उभी होती, तो ग्रंथ क्रोझरमध्ये टेबलावर ठेवून त्याचे सांधे उकलून पाहिले जात. १९५५ च्या माँटगोमेरी शहरातील बस-बहिष्कारापासून ४ एप्रिल १९६८ च्या हत्येपर्यंतचे किंग आपल्या वाचकांना परिचित आहेत. त्यांच्या या विद्यार्थिदशेकडे मात्र सहसा कोणाचे लक्ष जात नाही. आम्हांस ती तीन वर्षे त्यांच्या आयुष्यातील फार महत्त्वाची वाटतात. आपला पूज्य ग्रंथ चिकित्सेच्या कात्रीखाली गेल्यावर तो पूज्य राहतो काय, हा प्रश्न तेथे एका तरुणापुढे उभा होता, आणि तो प्रश्न केवळ ख्रिस्ती माणसाचा नाही.

बायबल हा एक ग्रंथ नसून ग्रंथसंग्रह आहे, येथून या अभ्यासाचा आरंभ होतो. जुन्या करारातील पहिली पाच पुस्तके मोशेने लिहिली, ही परंपरेची श्रद्धा. विद्यार्थी उत्पत्तीचे पुस्तक बारकाईने वाचू लागतो, तेव्हा पहिल्या अध्यायात आधी वनस्पती, मग जलचर व पक्षी, मग पशू आणि अखेरीस स्त्री-पुरुष एकत्रच निर्माण झालेले त्याला आढळतात. दुसऱ्या अध्यायात मात्र आधी पुरुष, मग झाडे, मग पशुपक्षी आणि सर्वांत शेवटी स्त्री. नोहाच्या तारवात एके ठिकाणी प्रत्येक जातीची एकेक जोडी आहे, तर दुसऱ्या ठिकाणी शुद्ध पशूंच्या सात-सात जोड्या. एकोणिसाव्या शतकातील जर्मन पंडितांनी, विशेषतः युलियुस वेलहाउझेन यांनी, अशा विसंगतींवरून असे प्रतिपादन केले की ही पुस्तके निरनिराळ्या काळांतील चार लेखनप्रवाह एकत्र येऊन घडली आहेत. त्यात १८७२ मध्ये लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधील जॉर्ज स्मिथ यांनी मातीच्या पाट्यांवरील कीलाकार लिपी वाचून बाबिलोनी जलप्रलयाची कथा जगापुढे आणली; आणि नोहाची कथा एकटी नाही, हे सर्वांस मान्य करावे लागले.

नव्या कराराचीही तीच गत. चार शुभवर्तमानांपैकी मार्काचे सर्वांत आधीचे असून मत्तय व लूक यांनी ते समोर ठेवून आपापले लेखन केले, असे बहुसंख्य अभ्यासक मानतात. मार्काच्या शुभवर्तमानाची चौथ्या शतकातील जी दोन अत्यंत प्राचीन हस्तलिखिते उपलब्ध आहेत, त्यांत ग्रंथ रिकाम्या कबरीपाशी, भयभीत होऊन पळणाऱ्या स्त्रियांपाशी एकाएकी थांबतो. पुढची १२ वचने त्यांत नाहीतच. यशयाच्या पुस्तकात जेथे मूळ हिब्रू शब्दाचा अर्थ ‘तरुण स्त्री’ एवढाच आहे, तेथे जुन्या ग्रीक भाषांतरात ‘कुमारी’ हा शब्द आला, आणि मत्तयाने तो ग्रीक पाठ उचलला. एका शब्दावर केवढा सिद्धांत तोलला जातो पाहा! पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये मूळ हिब्रू व ग्रीक संहितेवरून मराठी बायबल सिद्ध करण्याचा ध्यास अखेरपर्यंत घेतला, त्यामागे मूळ शब्दापर्यंत पोचण्याचीच तळमळ होती.

मराठी वाचकाला हा उद्योग अगदीच अनोळखी नाही. नाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीच्या प्रती ताडून पाठशुद्धी केली. पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताच्या संशोधित आवृत्तीचे काम १९१९ मध्ये हाती घेतले व १९६६ मध्ये पुरे केले. त्यात गणपती व्यासांचा लेखनिक झाल्याची कथा मुख्य संहितेतून निघून परिशिष्टात गेली. घरोघरच्या आज्यांनी म्हणून ती सांगणे थांबविले नाही, आणि संस्थेतील पंडितांनीही आज्यांशी वाद घातला नाही. आपल्याकडे पाठचिकित्सक आणि कीर्तनकार हे सहसा दोन वेगळे गृहस्थ असतात. धर्मविद्यालयात ते दोघे एकाच बाकावर, एकाच देहात बसतात. सोमवारी ज्या कथेची तारीख आणि उगम शोधायचा, तीच कथा रविवारी भाविकांपुढे अशी सांगायची की ऐकणाऱ्याचे डोळे भरून यावेत.

किंग यांच्या मनात संशय क्रोझरने पेरला, असे मात्र नव्हे. १९५० मध्ये प्राध्यापक जॉर्ज डेव्हिस यांच्या वर्गासाठी त्यांनी स्वतःच्या धार्मिक वाटचालीवर जो निबंध लिहिला, त्यात वयाच्या १३ व्या वर्षीच आपण रविवारच्या शाळेत येशूचे सदेह पुनरुत्थान नाकारून सर्वांना धक्का दिला होता, असे नमूद आहे. पुढे अटलांटाच्या मोअरहाउस महाविद्यालयात जॉर्ज केल्सी या अध्यापकांनी बायबलमधील आख्यायिकांच्या आड खोल सत्ये दडलेली आहेत, हे त्यांना दाखविले. त्यामुळेच पाळकाचा पेशा पत्करण्यास त्यांचे मन तयार झाले. किंबहुना वडिलांचा सरळ, अक्षरनिष्ठ विश्वास जसाच्या तसा पुढे चालविणे त्यांना अशक्य होते, आणि तो टाकून देणेही अशक्य होते. वडिलांविषयी त्यांच्या मनात अपार आदर होता.

क्रोझर हे बहुतांशी गोऱ्या विद्यार्थ्यांचे विद्यालय. कृष्णवर्णीय माणूस उशिरा येतो, मोठ्याने हसतो, अस्वच्छ राहतो, अशी जी गोऱ्यांची समजूत, तिला आपल्यामुळे पुष्टी मिळू नये म्हणून किंग आरंभी विलक्षण सावध असत. बूट चकचकीत, कपडे परीटघडीचे, खोली लखलखीत, वर्गात मिनिटाचाही उशीर नाही, चेहरा गंभीर. हा ताण किती असेल, याची कल्पना परप्रांतात नव्याने स्थायिक झालेल्या घराला थोडीफार येऊ शकेल, पण थोडीफारच. आपल्या अंगावर आपला रंग शिक्क्यासारखा उमटलेला नव्हता.

पहिल्याच सत्रात जुना करार शिकविण्यास जेम्स प्रिचर्ड होते. प्राचीन पश्चिम आशियातील शिलालेख व मातीच्या पाट्यांवरील लेख यांच्या साह्याने जुना करार वाचणाऱ्या विद्वानांत त्यांची गणना होते. १९५० मध्ये त्यांनी संपादित केलेला अशा लेखांच्या भाषांतरांचा मोठा ग्रंथ पुढे कित्येक वर्षे प्रमाण मानला गेला. नव्या करारासाठी मॉर्टन एन्स्लिन होते, तेही कठोर चिकित्सक. प्रिचर्ड यांच्या वर्गासाठी किंग यांनी जे निबंध लिहिले, त्यांतील एक यिर्मया संदेष्ट्यावर आहे, आणि त्याच्यापाशी थोडे थांबले पाहिजे.

यिर्मया हा इसवी सनापूर्वी सातव्या-सहाव्या शतकातला. यरुशलेमच्या मंदिराच्या दारात उभे राहून त्याने सांगितले की चोरी, खून, व्यभिचार करून येथे येता आणि मंदिर आहे म्हणून आपण सुरक्षित आहोत असे मानता, हा भ्रम आहे. हे मंदिरही पडेल. त्याच्या वचनांची गुंडाळी राजासमोर वाचली गेली, तेव्हा राजाने ती कापून कापून शेगडीत टाकली. पुढे त्याला चिखलाने भरलेल्या हौदात सोडण्यात आले. तेथून त्याला वर काढले ते एबद-मलेख नावाच्या एका कूशी, म्हणजे आफ्रिकी, सेवकाने. आणि दोर काखेत रुतू नयेत म्हणून त्याने आधी जुन्या चिंध्या खाली सोडल्या. बायबलमधील इतकी साधी करुणा आम्हांस फार थोड्या ठिकाणी आढळली.

किंग यांच्या निबंधाचा भर यिर्मयाच्या दोन गोष्टींवर आहे. एक, धर्माचा करार दगडी पाटीवर नव्हे तर माणसाच्या अंतःकरणावर लिहिलेला असतो. दुसरी, चालू व्यवस्थेचा पाठीराखा होणे हा धर्माचा सर्वांत मोठा अपघात होय. शेवटी ते विचारतात की समाज अशा माणसांचे काय करतो, आणि उत्तर देतात की त्यांचा नाश करतो. यिर्मया हुतात्मा झाला, असेही ते लिहितात. वस्तुतः बायबलात त्याच्या मृत्यूचे वर्णन नाही. मिसरात त्याला दगडांनी ठेचून मारल्याची परंपरा नंतरची आहे. पण १९ वर्षांच्या मुलाची लेखणी कोणत्या बाजूला झुकत होती, हे यातून स्पष्ट होते. चिकित्सेने त्याच्यापासून मोशेचे लेखकत्व घेतले असेल. त्याच्या बदल्यात तिने हाडामांसाचे, ठरावीक शतकात ठरावीक राजाशी भांडणारे संदेष्टे त्याच्या हाती दिले.

येथेच एक अप्रिय गोष्ट सांगितली पाहिजे. किंग यांच्या कागदपत्रांचे संपादन स्टॅनफर्ड विद्यापीठात क्लेबोर्न कार्सन यांच्या नेतृत्वाखाली सुरू झाले, तेव्हा संपादकांना असे आढळले की क्रोझरमधील निबंधांत आणि पुढे बोस्टन विद्यापीठाच्या डॉक्टरेटच्या प्रबंधातही इतरांच्या पुस्तकांतील मजकूर श्रेय न देता उतरविलेला आहे. १९९० च्या नोव्हेंबरात हे जाहीर झाले. बोस्टन विद्यापीठाच्या समितीने १९९१ मध्ये वाङ्मयचौर्य झाल्याचे मान्य केले. मात्र पदवी काढून घेण्याची शिफारस केली नाही, आणि ग्रंथालयातील प्रबंधाच्या प्रतीला तसे पत्र जोडण्यात आले. कृष्णवर्णीय प्रवचनकारांच्या मौखिक परंपरेत एकाचे दृष्टांत दुसरा सहज वापरतो, असे समर्थन काहींनी केले. ते व्यासपीठापुरते आम्हांस पटते. आपले कीर्तनकारही दृष्टांताचा मालक विचारीत बसत नाहीत. परीक्षेसाठी लिहिलेल्या निबंधाला ती सवलत देता येत नाही. म्हणून या निबंधांतील वाक्ये किंग यांची स्वतःची म्हणून डोळे झाकून घेऊ नयेत; त्यांनी काय निवडले, एवढे मात्र त्यांतून निश्चित कळते, आणि तेच आम्ही येथे पाहत आहोत.

डेव्हिस यांच्यापाशी किंग यांनी सर्वाधिक विषय घेतले. येशूचे देवपुत्रत्व, कुमारीजन्म आणि सदेह पुनरुत्थान या सिद्धांतांवरील १९४९ च्या निबंधात त्यांनी विचारले की पहिल्या शतकातील भक्तांना असा कोणता अनुभव आला होता, की जो सांगण्यासाठी त्यांना ही भाषा योजावी लागली? कुमारीजन्माचा पुरावा त्यांना अपुरा वाटला. पण तो अनुभव त्यांनी खोटा मानला नाही. घटना घडली की नाही याच्या जोडीला, ती सांगणाऱ्याच्या अंतरी काय घडले होते, हाही प्रश्न आला. एबेनेझरच्या बाकांवर बसणाऱ्या वृद्ध स्त्रियांना हा निबंध वाचून दाखविला असता तर काय झाले असते, याची कल्पनाच केलेली बरी. सुट्टीत घरी येऊन वडिलांच्या व्यासपीठावर उभे राहताना किंग यांनी हा वाद तेथे मांडला नाही. याला कोणी दुटप्पीपणा म्हणतील. आम्हांस तो वैद्याचा संयम वाटतो; शवविच्छेदन शिकलेला वैद्य रोग्यासमोर त्याचे वर्णन करीत नाही.

चेस्टरमध्येच जे. पायस बार्बर हे कृष्णवर्णीय पाळक राहत. ते क्रोझरचेच जुने विद्यार्थी. किंग त्यांच्या घरी जेवावयास जात, आणि जेवणाबरोबर वादही रंगत. ग्रंथालयात वाचलेले तेथे पारखून घेतले जाई. क्रोझरच्या प्राध्यापकांनी किंग घडविले असे म्हणण्यापूर्वी हे घर आणि एबेनेझरचे बाक आठवावे, असा इशारा जेम्स कोन या कृष्णवर्णीय धर्मचिंतकांनी दिला आहे. तो योग्यच आहे. गंमत अशी की, क्रोझरमध्ये किंग यांना वक्तृत्वाच्या विषयात ‘सी’च्या श्रेणीतले गुण मिळाले होते!

वॉल्टर राउशेनबुश यांचे १९०७ मधील पुस्तक त्यांनी येथेच वाचले. न्यूयॉर्कच्या दरिद्री वस्तीत ११ वर्षे पाळक राहिलेल्या या माणसाचे म्हणणे असे की आत्म्याची चिंता वाहणाऱ्या धर्माने त्या आत्म्याच्या देहाला मिळणारी मजुरी व घर यांचीही चिंता वाहिली पाहिजे. पुढे राइनहोल्ड नीबूर यांच्या १९३२ च्या ग्रंथाने या आशावादाला चाप लावला. एकेकटा माणूस सज्जन असू शकतो. समूह मात्र आपला स्वार्थ उपदेशाने सोडत नाही, असे नीबूर बजावतात. आणि त्याच ग्रंथात गांधीजींच्या मार्गाचा विचार करताना, अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या मुक्तीस हा मार्ग उपयोगी पडेल, असेही सुचवितात. माणूस मुळात चांगला आहे, हे उदारमतवादी मत किंग यांना आवडे. पण दक्षिणेत जे पाहिले होते ते त्या मताशी जुळेना. याच काळात फिलाडेल्फियाला हॉवर्ड विद्यापीठाचे अध्यक्ष मॉर्डेकाय जॉन्सन यांचे व्याख्यान त्यांनी ऐकले. जॉन्सन नुकतेच भारतातून परतले होते व गांधीजींवर बोलले. किंग तेथून निघाले ते गांधीजींवरील अर्धा डझन पुस्तके विकत घेऊनच. शत्रूवर प्रेम करा, हे डोंगरावरील प्रवचनातले वचन दोन माणसांतल्या व्यवहारापुरते आहे, अशी त्यांची समजूत होती. ते समाजाचे हत्यार होऊ शकते, हे त्यांना एका हिंदू माणसाकडून कळले.

मे १९५१ मध्ये ते वर्गात पहिले येऊन बाहेर पडले. बोस्टनला जाऊन त्यांनी पॉल टिलिक व हेन्री नेल्सन वीमन या दोन चिंतकांच्या ईश्वरकल्पनेवर प्रबंध लिहिला व १९५५ मध्ये डॉक्टरेट मिळविली. त्याच वर्षीच्या डिसेंबरात माँटगोमेरीचा बहिष्कार सुरू झाला.

जानेवारी १९५६ च्या अखेरीस एका मध्यरात्री घरातील टेलिफोन वाजला, आणि शहर सोडून न गेल्यास जिवे मारण्याची धमकी मिळाली. पत्नी आणि काही आठवड्यांची मुलगी झोपलेल्या होत्या. किंग स्वयंपाकघरात जाऊन बसले. कॉफी केली आणि तशीच पडू दिली. तोवर ईश्वर हा त्यांच्या अभ्यासाचा विषय होता, प्रबंधातला सिद्धांत होता. त्या रात्री टेबलावर डोके टेकवून त्यांनी मोठ्याने कबूल केले की मी दुबळा पडत आहे, माझे धैर्य सरत आहे. मग आतून कोणी तरी न्यायासाठी उभा राहा, मी तुझ्याबरोबर आहे, असे सांगत असल्याचा अनुभव त्यांना आला. हे त्यांनी पुढे स्वतःच सांगितले आहे. तीनच दिवसांनी, ३० जानेवारीला, त्यांच्या घरावर बाँब पडला. पत्नी व मुलगी वाचल्या. आणि अंगणात शस्त्रे घेऊन जमलेल्या आपल्या संतप्त लोकांना त्यांनी शांतपणे परत पाठविले. पहिल्या शतकातील भक्तांना कोणता अनुभव आला होता, असे १९४९ मध्ये विचारणाऱ्या विद्यार्थ्याला आता स्वतःचा एक अनुभव होता, आणि तो सांगण्यासाठी त्याला वडिलांचीच भाषा वापरावी लागली.

क्रोझरचा अभ्यास मात्र वाया गेला नाही. एप्रिल १९६३ मध्ये बर्मिंगहॅमच्या तुरुंगात असताना आठ गोऱ्या धर्मगुरूंनी त्यांच्या चळवळीला अकाली ठरविले आणि बाहेरच्यांच्या हस्तक्षेपावर बोट ठेवले. उत्तरात किंग यांनी इसवी सनापूर्वी आठव्या शतकातील, आपापली गावे सोडून निघालेल्या संदेष्ट्यांचा दाखला दिला. त्या शतकातला आमोस हा तकोवाचा मेंढपाळ. तो उत्तरेच्या राज्यात बेथेलला जाऊन बोलू लागला, तेव्हा तेथील याजकाने त्याला आपल्या देशी चालता हो, म्हणून सुनावले होते. त्याच वर्षी २८ ऑगस्टला वॉशिंग्टनच्या विराट सभेत त्यांनी आमोसाचे न्यायाच्या प्रवाहाचे वचन घेतले, आणि दऱ्या उंचावण्याचे, डोंगर सखल होण्याचे वचन यशयाच्या ४० व्या अध्यायातून घेतले. अभ्यासकांच्या मते तो अध्याय मूळ यशयाचा नव्हे. बाबिलोनच्या बंदिवासात असलेल्या, घरी परतण्याची वाट पाहणाऱ्या लोकांना उद्देशून दुसऱ्या कोणी अज्ञात संदेष्ट्याने तो रचला. गुलामांच्या वंशजांपुढे याहून चपखल अध्याय कोणता असता?

फेब्रुवारी-मार्च १९५९ मध्ये किंग पतिपत्नी महिनाभर भारतात होती. राजस्थानात त्यांनी विनोबांची भेट घेतली. वडोदऱ्याच्या शाळा-महाविद्यालयात शिकलेल्या विनोबांनीही पुढे ख्रिस्तधर्माचे सार संकलित केले, हे आपल्या वाचकांना ठाऊक असेल. परतीच्या वाटेवर ते यरुशलेमला थांबले आणि भाड्याच्या मोटारीने यरीहोच्या रस्त्याने उतरले.

३ एप्रिल १९६८ च्या रात्री मेंफिस शहरात, संपावर गेलेल्या सफाई कामगारांच्या सभेत, त्यांना तो रस्ता आठवला. येशूच्या दृष्टांतात यरीहोच्या वाटेवर लुटारूंनी एका प्रवाशाला मारून टाकलेले असते. याजक जातो, लेवी जातो. थांबतो तो शोमरोनी, ज्याच्या जातीशी यहुदी व्यवहारही ठेवीत नसत. पहिले दोघे का थांबले नाहीत? मंदिराच्या सोवळ्यामुळे असेल, असे टीकाकार सांगतात. किंग म्हणाले की मी तो रस्ता पाहिला आहे. तो वळणावळणाचा आहे, दबा धरून बसण्यास सोयीचा आहे, आणि ते दोघे भ्याले असतील. मी थांबलो तर माझे काय होईल, असे त्यांनी स्वतःला विचारले. शोमरोन्याने तोच प्रश्न उलटा केला: मी थांबलो नाही, तर याचे काय होईल? सफाई कामगारांसाठी मी थांबलो नाही, तर त्यांचे काय होईल, एवढेच मला विचारायचे आहे, असे त्यांनी श्रोत्यांना सांगितले.

समोर टिपण नव्हते. यरुशलेमची उंची आणि यरीहोची खोली त्यांनी फुटांत सांगितली, ते दोन्ही आकडे चुकले. उतार मात्र सुमारे ३,४०० फुटांचा आला, आणि तो जवळजवळ बरोबर आहे. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी लॉरेन मोटेलच्या सज्जात त्यांना गोळी लागली.